रंगजुळणी (छायाचित्रांची)

पडद्यावर दिसणारे छायाचित्र आणि त्याचीच कागदावरची प्रिंट रंग, उजळपणा व गडदपणा यांत शक्य तितकी जवळ यावी म्हणून करायची तयारी म्हणजे रंगजुळणी. दोन्ही तंतोतंत सारखी दिसणे अपेक्षित नसते, तसे होऊही शकत नाही. पडदा स्वतः उजेड फेकतो. लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून तिथे पांढरा रंग तयार होतो. कागदाला स्वतःचा उजेड नसतो. त्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग शाई गिळते आणि उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. त्यामुळे प्रिंटमधला सर्वांत उजळ भाग म्हणजे कोरा कागद, त्यापलीकडे काही नाही.

साताऱ्यात लग्नसराईत बारा बाय छत्तीस इंचांचे अल्बम फोटो छापणाऱ्या लॅबमधून येऊ लागले की सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘प्रिंट डार्क आली’. दोष बहुतेक वेळा लॅबच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात त्याचे मूळ फोटो करेक्शन करणाऱ्याच्या टेबलावर असते. छपाईच्या कामासाठी पडद्याची प्रखरता साधारण ८० ते १२० निट (पडद्याचा उजेड मोजण्याचे एकक) पुरते. लॅपटॉप पूर्ण उजेडावर ठेवला तर ती ३०० निट किंवा त्याहून वर जाते आणि मोबाइलची त्याहीपेक्षा जास्त असते. अशा झगझगीत पडद्यावर नवरीचा चेहरा पुरेसा उजळ वाटतो, म्हणून फाइल मुळात गडदच राहते आणि कागदावर ते उघडे पडते. पडदा मोजण्याचे यंत्र विकत घेण्याआधी करण्याजोगा उपाय बिनखर्चाचा आहे. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे, शेजारी छपाईचा कोरा कागद चांगल्या उजेडात धरावा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत पडद्याचा ब्राइटनेस उतरवावा. रात्री पडदा पिवळसर करणारी सोय बंद ठेवावी. एवढ्यानेच निम्म्याहून जास्त तक्रारी मिटाव्यात.

त्यापुढची पायरी कॅलिब्रेशनची. पडद्याच्या काचेवर टेकवायचे छोटे मापकयंत्र एकेक रंग मोजते आणि पडदा कुठे चुकतो याची नोंद असलेली प्रोफाइल तयार करते. कागद, शाई आणि प्रिंटर या तिघांच्या जोडीचीही अशीच वेगळी प्रोफाइल असते. या नोंदींचा सामाईक आराखडा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय रंग महासंघाने, म्हणजे आयसीसीने, ठरवला. एसआरजीबी हे रंगक्षेत्र, म्हणजे फाइलमध्ये मांडता येणाऱ्या रंगांचा ठरलेला आवाका, १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाले. लॅबने वेगळे काही सांगितले नसेल तर फाइल त्यातच द्यावी. अडोबी आरजीबी हे दुसरे रंगक्षेत्र अधिक विस्तृत आहे खरे, पण प्रोफाइल न वाचणाऱ्या यंत्रावर तीच फाइल फिकट, मरगळलेली येते.

रंगक्षेत्राची अडचण कासच्या पठारावरच्या फोटोंत लख्ख कळते. युनेस्कोने २०१२ मध्ये पश्चिम घाटासह जागतिक वारशात घेतलेले हे पठार सप्टेंबरच्या सुमारास फुलांनी भरते. सोनकीचा पिवळा कागदावर छान उतरतो, कारण तो जवळजवळ एकट्या पिवळ्या शाईचे काम आहे. तेरड्याचा गुलाबी मॅजेंटा, म्हणजे किरमिजी, शाईच्या जवळचा, त्यामुळे तोही बऱ्यापैकी साधतो. फसतात ती सीतेची आसवं. ओल्या कातळावर पसरलेला त्यांचा निळा-जांभळा पडद्यावर उजळून दिसतो, कारण तिथे निळा प्रकाशबिंदू थेट पेटलेला असतो. कागदावर तोच रंग सायन (हिरवट निळी) आणि मॅजेंटा शाई एकावर एक चढवून बनवावा लागतो. दोन्ही शाया गिळू नये तो निळा प्रकाशही थोडा गिळतात आणि फूल मळकट जांभळे होते. इथे कितीही करेक्शन केले तरी पडद्यावरचा रंग कागदावर येत नाही. उलट काही गडद सायन छटा छपाईत मिळतात, पण एसआरजीबी पडद्यावर दिसत नाहीत.

कागदाच्या आवाक्याबाहेरचे रंग आत बसवण्याच्या दोन रीती प्रचारात आहेत. ‘पर्सेप्च्युअल’ रीतीत सगळेच रंग थोडे थोडे आत ओढले जातात. ‘रिलेटिव्ह कलरिमेट्रिक’ रीतीत आत मावणारे रंग जसेच्या तसे राहतात आणि बाहेरचे तेवढे काठावर आणून टाकले जातात. फुलांच्या गर्दीसाठी पहिली बरी, नाहीतर पाकळ्यांतले बारकावे सपाट होतात. चेहऱ्यांसाठी दुसरी रीत चांगली, कारण त्वचेचे रंग बहुधा आवाक्यातच असतात. प्रत्यक्ष परिणाम सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे कागदाची प्रोफाइल लावून पडद्यावरच पाहिलेल्या नमुन्यात, आधी तपासता येतो. नमुना उदास दिसतो म्हणून पुष्कळ जण तो बंद करतात. पण कागदाबद्दल खरे सांगणारे चित्र तेच असते.

प्रिंट कोणत्या उजेडात पाहिली हेही तितकेच महत्त्वाचे. छपाई तपासण्यासाठीचे प्रमाण ५००० केल्विनच्या, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्या, प्रकाशाचे आहे. दुकानातल्या स्वस्त एलईडीखाली लाल रंग मरतो आणि चेहरे हिरवट वाटतात. तीच प्रिंट दाराशी, थेट ऊन न लागता, धरली की रंग जागेवर येतात. चमक देणारी रसायने असलेले कागद उन्हातल्या अतिनील किरणांनी निळसर पांढरे दिसतात. इंकजेट प्रिंट पूर्ण वाळल्याशिवाय निकाल देऊ नये.

लॅबला फाइल देताना त्यांचे आपोआप होणारे करेक्शन बंद ठेवायला सांगावे, नाहीतर घरी केलेली सगळी जुळणी वाया जाते. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवल्यास तो दाबला जाऊन बारकावे जातात, पेनड्राइव्ह बरा. अख्खा अल्बम छापण्यापूर्वी एकाच पानावर चेहरा, पांढरे कपडे, काळे केस आणि शालूचा रंग असलेले तुकडे जोडून चाचणी प्रिंट काढतात आणि ती पडद्याशेजारी धरून ताडून पाहतात. पडद्याचा उजेड वापरासोबत उतरत जातो, म्हणून रोजच्या कामाच्या यंत्राचे कॅलिब्रेशन साधारण महिन्याने पुन्हा केले जाते.