प्रोखोरोव्का सिनॅरिओमागचा खरा इतिहास

दुसऱ्या महायुद्धातल्या रशियातल्या कुर्स्कच्या लढाईवरचे वॉरगेम (नकाशावर लढाई खेळायचे खेळ) खेळणाऱ्याला तिथल्या प्रोखोरोव्का गावाचा सिनॅरिओ, म्हणजे त्या एका चकमकीचा डाव, कधी ना कधी भेटतोच. तारीख 12 जुलै 1943, एका बाजूला एसएसच्या (नाझी पक्षाच्या लष्करी दलाच्या) जड टायगर टँकची रांग आणि समोरून सोव्हिएत टी-34 टँकचे लोंढे. दिसायला एकदम भारी, पण हे चित्र बरंचसं युद्धानंतर सोव्हिएत बाजूने रंगवलेलं आहे.

जर्मनांचं ऑपरेशन सिटाडेल 5 जुलैला सुरू झालं. कुर्स्कभोवती सोव्हिएत आघाडीला मोठा फुगवटा आला होता, तो उत्तरेकडून जर्मन सेनापती मॉडेलने आणि दक्षिणेकडून सेनापती मानस्टाइनने कापायचा असा प्लॅन. नवे पँथर टँक हवेत म्हणून हिटलर तारीख पुढे ढकलत राहिला आणि तेवढ्या वेळात रशियनांनी सुरुंग, खंदक, अँटीटँक तोफा असं सगळं रांगेमागे रांग लावून उभं केलं. आणि ज्या पँथरसाठी एवढा उशीर केला ते प्रोखोरोव्काला नव्हतेच, पश्चिमेला वेगळ्याच कोअरकडे (काही डिव्हिजनच्या गटाकडे) होते, तेव्हा सिनॅरिओत त्यांचे काउंटर (सोंगट्या) दिसले तर खुशाल बाजूला काढा.

खरी गडबड 11 तारखेला झाली. एसएसच्या लाइबश्टांडार्ट डिव्हिजनने टेकडी 252.2 घेतली, म्हणजे सोव्हिएत सेनापती रोतमिस्त्रोवच्या 5व्या गार्ड्स टँक आर्मीने दुसऱ्या दिवशीच्या हल्ल्यासाठी जी जागा धरून ठेवली होती तीच हातातून गेली. ही आर्मी तीनेकशे किलोमीटर पळत आलेली, मागे हटायची मुभा नाही, मग सकाळी थोडा तोफांचा मारा करून रेडिओवर 'स्टाल, स्टाल, स्टाल' (म्हणजे पोलाद) असा इशारा दिला आणि प्सेल नदी आणि रेल्वेचा भराव यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीतून टँक सोडले. बाजूने वळसा घालायला जागाच नाही. त्यात वाटेत रशियनांनीच आधी खणलेला अँटीटँक खंदक, कितीतरी टी-34 भरधाव जाऊन त्यातच पडले आणि जे कडेला अडले ते आयते टिपले गेले.

समोर टायगर किती? लाइबश्टांडार्टकडे त्या दिवशी चालू स्थितीत जेमतेम चार, बाकी बहुतेक मध्यम वजनाचे पँझर-4 टँक. पण टी-34 च्या टरेटमध्ये (वरच्या फिरत्या बुरुजात) दोनच माणसं, कमांडरलाच तोफ डागायची, आणि रेडिओ सगळ्या टँकना नाही, त्यामुळे पुढचा टँक गेला की मागचे त्याच वाटेने जायचे. म्हणून सोव्हिएत प्लॅटून एकत्रच हलवायची असा रूल असेल तर कुरकुर करू नका, तो बरोबर आहे. उलट प्रत्येक टँक सुटा पळवता येतो तिथे मला शंका येते.

रोतमिस्त्रोवच्या आर्मीने त्या दिवशी तीनशेवर टँक आणि सेल्फ-प्रोपेल्ड (गाडीवर बसवलेल्या) तोफा गमावल्या, जर्मनांचे कायमचे गेलेले त्यामानाने फारच थोडे. स्टालिन इतका भडकला की आपल्या विश्वासातल्या मालेन्कोवला चौकशीला पाठवलं.

तरी एसएस कोअरला प्रोखोरोव्का काही घेता आलं नाही. 10 जुलैला दोस्त राष्ट्रांच्या फौजा इटलीच्या सिसिलीत उतरलेल्या, 12 लाच उत्तरेला ओरेलकडे सोव्हिएत हल्ला सुरू झालेला, आणि 13 ला हिटलरने सिटाडेल थांबवायचं ठरवलं. त्यामुळे माझ्या मते या सिनॅरिओत फक्त फुटलेल्या टँकचे पॉइंट मोजणं चूक आहे. शेवटच्या टर्नला प्रोखोरोव्काचे हेक्स (नकाशावरची षटकोनी घरं) कोणाकडे आहेत यालाच जास्त वजन हवं.