जुन्या ड्रमसेटचे रीरॅपिंग

जुन्या ड्रमच्या लाकडी शेलवरील (पोकळ नळकांड्यावरील) मूळ प्लास्टिक आवरण (रॅप) उतरवून त्या जागी नवे आवरण चढवण्याची प्रक्रिया. पूर्वीच रंगवलेल्या किंवा आवरण गमावलेल्या शेलवर नवा रॅप बसवण्यालाही हेच नाव आहे. वादक याकडे दुरुस्ती म्हणून पाहतात. संग्राहक बहुतेक वेळा पुरावा नष्ट होणे म्हणून. मूळ आवरण शेलला धरून असेल तर ते कितीही पिवळे वा ओरखडलेले असले तरी ठेवावे, असे मत आता जाणकारांत बळावले आहे आणि ते ग्राह्य वाटते.

आवरणाची सुरुवात व कालनिर्णय : ड्रमला मोतीछटेचे सेल्युलॉइड लावण्याची पद्धत सर्वसाधारणपणे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाली असे मानतात. हा मान लीडी या ड्रम-कारखान्याचा की लडविग अँड लडविग या कारखान्याचा, याबद्दल एकमत नाही. दोन्ही बाजूंचा आधार मुख्यतः छापील कॅटलॉग हा आहे आणि कॅटलॉगमधील वर्ष व माल प्रत्यक्ष बाजारात आल्याचे वर्ष यांत अंतर पडू शकते. शिवाय सेल्युलॉइडचे हे पत्रे ड्रमचे कारखाने स्वतः बनवत नसत. रसायन उद्योगाकडून येणारा तोच माल कंगवे, आरशांच्या मुठी व अकॉर्डियनवरही लागे. त्यामुळे शोधाचे श्रेय एका कारखान्याला देण्यापेक्षा, तयार माल अनेकांनी थोड्याफार अंतराने उचलला असे मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

सुरुवातीचे पत्रे सेल्युलोज नायट्रेटचे, म्हणजे कापूर मिसळलेले आणि अतिशय ज्वालाग्राही असत. पुढे सेल्युलोज अ‍ॅसिटेट व त्यानंतर पीव्हीसी आले. हा बदल सर्व कारखान्यांत एकाच वेळी झाला नाही, म्हणून केवळ निर्मितीवर्षावरून पत्र्याचे रसायन ठरवू नये. आतल्या बाजूच्या, झाकलेल्या कडेला बारीक काचकागद घासल्यावर कापराचा वास आला, तर पत्रा नायट्रेटचा समजून चालावे.

रीरॅपिंगविषयीचा वाद समजण्यासाठी कालनिर्णयाची पद्धत माहीत असावी लागते. लडविगच्या ड्रमवर क्रमांक असलेला कीस्टोन बॅज (कारखान्याच्या नावाची धातूची छोटी पट्टी) साधारण १९६३ च्या अखेरीपासून आढळतो. निळा-ऑलिव्ह बॅज १९६९-७० च्या सुमारास आला. हे क्रमांक काटेकोर क्रमाने वापरले गेले नव्हते. त्यामुळे शेलच्या आतील शाईचा तारखेचा शिक्का (तो असल्यास), आतला रंग, थरांची रचना आणि आवरणाची नक्षी यांचा मेळ घालूनच तारीख ठरते. तीन थर व आधार-कडी (आतून कडेला लावलेली बळकटीची लाकडी कडी) असलेला लडविग शेल साधारणपणे १९७६ पूर्वीचा, सहा थरांचा त्यानंतरचा. सायकेडेलिक रेड, मॉड ऑरेंज यांसारख्या नक्ष्या १९६० च्या दशकाच्या अगदी अखेरीस आल्या व थोडीच वर्षे टिकल्या. अशा वेळी आवरण हाच सर्वांत नेमका दुवा असतो. रॅप बदलला की साखळीतील ही कडी तुटते. बॅजचेही तेच. तो हवेच्या भोकातील पितळी ग्रोमेटने (मागे दुमडलेल्या कडीने) धरलेला असतो आणि ग्रोमेट न बिघडवता निघणे कठीण, म्हणून अनुभवी खरेदीदार आधी ग्रोमेटची मागची दुमड पाहतो.

रंगाचा बदलही पुराव्यातच मोडतो. प्रकाशाने वरचा पारदर्शक थर पिवळा पडतो. त्यामुळे व्हाइट मरीन पर्ल हस्तिदंती होतो, ब्लू स्पार्कल हिरवट दिसू लागतो आणि शॅम्पेन छटांतील गुलाबी झाक उडते. लग (पडदा ताणणारे स्क्रू ज्यात बसतात तो शेलवरील धातूचा भाग) काढल्यावर त्याच्या पायाखाली मूळ रंगाचा, लगच्याच आकाराचा ठसा दिसतो. तो सर्व ड्रमवर सारखा असेल, तर सेट एकत्र वाढलेला आहे याची ती जवळजवळ खात्रीच.

बाजारातील मूल्य : बीटल्सचा ड्रमवादक रिंगो स्टार याचा ब्लॅक ऑयस्टर पर्ल रंगातील लडविग सेट डिसेंबर २०१५ मध्ये लिलावात सुमारे २१ लाख डॉलरना गेला. ती किंमत व्यक्तीची व इतिहासाची होती. मात्र त्या नक्षीचे मूळ आवरण असलेले साधे सेटही नव्या आवरणाच्या सेटपेक्षा महाग पडतात. म्हणूनच नवे आवरण चढवून ते मूळ म्हणून विकणे ही सरळ फसवणूक मानली जाते. आधीच रंगवलेला, आवरण नसलेला किंवा सुटा सापडलेला ‘अनाथ’ शेल रीरॅप करण्यास संग्राहकही सहसा हरकत घेत नाहीत. अट एवढीच, की काम उघड सांगावे, नवी भोके पाडू नयेत, आतल्या बाजूला काचकागद लावू नये आणि जुन्या आवरणाचा तळहाताएवढा तरी तुकडा सेटसोबत जपावा.

मुंबईतील स्थिती : हॉटेलांतील जॅझ, चित्रपटांचे ध्वनिमुद्रण आणि पुढे ऑर्केस्ट्रा यांमुळे शहरात परदेशी ड्रमसेट आले. कावस लॉर्ड, बर्जोर लॉर्ड, लेस्ली गुदिन्हो ही ध्वनिमुद्रणातील ठळक नावे. १९९१ पूर्वीच्या आयात निर्बंधांमुळे एकच सेट हातोहात फिरत राही आणि प्रत्येक मालक तो आपल्या परीने सजवी: कधी ऑइलपेंट, कधी रेक्झिन, कधी सनमायका. त्यामुळे इथे अस्पर्शित आवरणाचा सेट दुर्मिळ आहे आणि रीरॅपिंगला विरोध करण्याजोगा प्रसंगही त्यामानाने कमी येतो. पण असा सेट हाती आलाच, तर त्याला हात लावण्यापूर्वी दहादा विचार व्हावा. ब्रिटिश प्रीमियर कंपनीच्या, साधारण १९६८ पूर्वीच्या, काही टॉमची (मध्यम आकाराच्या ड्रमची) बाब वेगळी. ते आजच्या मापापेक्षा किंचित मोठे असल्याने नवी हेड (वाजवायचे पडदे) अडतात, आणि तेवढ्यासाठी काही वादक मूळ रॅप उतरवतात. त्यापेक्षा त्या मापाची हेड मागवणे श्रेयस्कर.

कृती : हेड, रिम, लग व बॅज काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या ड्रमच्या नावाच्या पाकिटात ठेवावा. जोडावर केस वाळवायचा ड्रायर धरून पुट्टीच्या पातळ पट्टीने आवरण सावकाश उचलावे. नायट्रेटवर हीट गन कदापि वापरू नये. जुन्या काही अमेरिकी शेलमध्ये आवरणाचे टोक बाहेरच्या थराच्या सांध्यात खोचलेले असते. ते ओढले तर लाकडाचा थर सोलून येतो, म्हणून सांध्यालगत सुरीने कापून टोक आतच राहू द्यावे व खाच लाकडाच्या लांबीने भरावी.

नवा पत्रा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा असावा. व्यास त्याने सुमारे १ मिमी वाढतो. जुन्या आवरणावरच नवे चढवले तर ही वाढ दुप्पट होते, हेडची कडी घासते आणि सूर लागत नाही. सनमायका वळणासाठी फार ताठ असतो. गाडीला लावतात तो व्हिनायल इतका पातळ असतो, की लाकडाचा प्रत्येक खड्डा त्यातून उमटतो. १६ इंची फ्लोअर टॉमचा घेर हिशेबाने सुमारे १२७७ मिमी. त्यात जोडासाठी २५ मिमी धरून सुमारे १३०२ मिमीचा तुकडा लागतो. तरीही शेलभोवती कागदाची पट्टी गुंडाळून प्रत्यक्ष माप घ्यावे. उंचीला दोन्ही कडांपासून ३ ते ५ मिमी आत राहावे, म्हणजे १६ इंच खोलीला ३९६ ते ४०० मिमी. आवरण बेअरिंग एजपर्यंत (शेलच्या, हेड टेकते त्या कडेपर्यंत) गेले की हेड लाकडाऐवजी प्लास्टिकवर टेकते.

सुतार सनमायकासाठी वापरतात तो फेविकॉल एसआर ९९८ किंवा तत्सम रबरी गोंद शेलला व पत्र्याला पातळ लावून, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत (साधारण १५ ते २० मिनिटे) सुकू द्यावा. मध्ये बटर पेपर ठेवून तो थोडा थोडा सरकवत, एका टोकाकडून रोलरने दाबत जावे. एकदा टेकलेला पत्रा हलवता येत नाही. जोड लगच्या रांगेखाली आणावा, म्हणजे स्क्रू त्याला दाबून धरतात. संग्राहकांच्या वर्तुळात फक्त जोडावर दुहेरी टेप लावण्याची पद्धत अधिक पसंत पडते, कारण ती पुढे उलटवता येते. मात्र पत्रा सैल राहिला तर किकच्या (बास ड्रमच्या) आवाजात खरखर येते. भोके आतून ३ मिमीच्या ड्रिलने खूण करून, मग बाहेरून धारदार ड्रिलने जुन्या भोकाएवढीच मोठी करावीत. उलट केल्यास पत्र्याचा टवका उडतो.

मुंबईत जुलै-ऑगस्टमधील सापेक्ष आर्द्रता सहसा ८० टक्क्यांच्या वर असते. गोंदातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरते आणि पांढरट साय आलेला गोंद पकडत नाही. दिवाळीपर्यंत फुगे दिसू लागतात. ओलाव्याने फुगलेल्या शेलवर बसवलेला पत्रा हिवाळ्यात सैलही पडतो. म्हणून हे काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये, किंवा एसी चालू असलेल्या खोलीत करावे. पण द्रावकाच्या वाफा कोंडू देऊ नयेत आणि जवळ ठिणगी नसावी. लग बसवण्यापूर्वी पूर्ण २४ तास जाऊ द्यावेत.

उतरवलेले नायट्रेट आवरण चिकट झाले असेल, त्यावर बारीक भेगांचे जाळे असेल आणि लगच्या क्रोमला हिरवट गंज चढला असेल, तर पत्रा कुजत आहे व आम्लधर्मी वायू सोडत आहे असे समजावे. अशा वेळी मूळ आवरण राखण्याचा आग्रह संग्राहकही धरत नाहीत. नमुन्याचा तुकडा इतर सेल्युलॉइड वस्तूंपासून दूर, हवेशीर कागदी पाकिटात ठेवतात. उरलेला जाळू नये.