सिंधुदुर्गाची सहल (सातारा-सांगलीहून)

मालवणसमोरच्या कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला पाहणे आणि त्याच्या आसपासच्या उथळ समुद्रात स्कूबाची (पाठीवरच्या टाकीतल्या हवेवर श्वास घेत मारायची) बुडी मारणे, असा दुहेरी बेत आखून घाटावरून तळकोकणात केली जाणारी सहल. सातारा-सांगलीची मंडळी ती बहुधा शनिवार-रविवार जोडून करतात. एका दिवसात दोन्ही उरकण्याचा अट्टहास मात्र करू नये. मालवणात किमान दोन मुक्काम हवेत.

सांगलीहून कोल्हापूर गाठले, की राधानगरी आणि फोंडाघाटाने कणकवलीत उतरून मालवणला जाता येते. साताऱ्याची माणसे कराडमार्गे कोल्हापुरात येऊन हीच वाट धरतात. गगनबावड्याकडून करूळ किंवा भुईबावडा घाटही आहे. पावसाळ्यात घाटात दरडींचे भय असते, समुद्र खवळलेला असतो आणि किल्ल्याची होडीही बंद राहते. म्हणून हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले.

किल्ल्याची पायाभरणी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाली आणि बांधकामाला सुमारे तीन वर्षे लागली. क्षेत्र ४८ एकर, तटाची लांबी सुमारे ३ किमी. पायाच्या दगडांत शिसे ओतले होते. महादरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवला आहे, की होडी अगदी जवळ येईपर्यंत तो दिसत नाही. चारी बाजूंनी खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींचे पाणी गोडे आहे. किल्ल्यावर आजही काही कुटुंबे राहतात. शिवराजेश्वराच्या मंदिरात शिवाजी महाराजांची मूर्ती पुजली जाते, आणि चुन्यात उमटलेले हातापायाचे ठसे महाराजांचे मानले जातात. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेऊन त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नाव दिले, पण लवकरच तो करवीरकर छत्रपतींकडे परत आला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलेल्या १२ किल्ल्यांत सिंधुदुर्गाबरोबर सातारा जिल्ह्यातला प्रतापगड आणि वाटेजवळचा पन्हाळाही आहे. ज्यांनी हे दोन डोंगरी किल्ले पाहिले आहेत, त्यांनी सिंधुदुर्ग पाहताना तटाच्या रचनेकडे मुद्दाम लक्ष द्यावे. तिथे कडा रक्षण करतो, इथे ते काम लाटा आणि खडक करतात.

बुडीच्या बाबतीत कृष्णेत पोहायला शिकलेल्यांनी एक सवय घाटावरच ठेवून यावी. नदीत पाण्याखाली गेले की श्वास रोखायचा असतो. स्कूबात तो कधीही रोखायचा नसतो. दर १० मीटरला दाब एका वातावरणाने, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाइतका, वाढतो आणि वर येताना छातीतली हवा फुगते. श्वास धरून वर आल्यास फुप्फुसाला इजा होऊ शकते. कानांचे तंत्र मात्र घाटावरच्यांना ओळखीचे आहे. घाट उतरताना कानात दडे बसतात, तसेच ते पाण्यातही बसतात, फक्त फार लवकर आणि जोरात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली की ते सुटतात. सर्दी असेल तर बुडी टाळावी. दमा, हृदयविकार किंवा कानाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तारकर्लीत पर्यटन महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. नवख्यांना प्रशिक्षकासोबत उथळ पाण्यातच नेतात.

बेत आखताना सर्वांत जास्त चुकतो तो क्रम. दाबाखाली श्वास घेताना रक्तात आणि उतींत नायट्रोजन विरघळतो. तो सावकाश बाहेर पडावा लागतो, आणि उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने त्याचे बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. विमानप्रवासापूर्वी एका बुडीनंतर निदान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर १८ तास थांबावे, असे सांगितले जाते ते यामुळेच. घाटाची उंची विमानाच्या तुलनेत कमी, आणि उथळ बुडीत धोकाही थोडा. पण घाटमाथ्यावरची आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे, सातारा शहरही त्याच सुमारास. म्हणून बुडी पहिल्या सकाळी मारावी, किल्ला दुसऱ्या दिवशी पाहावा आणि मगच घाट चढावा. रविवारी सकाळी बुडी मारून दुपारी राधानगरीची वाट धरणे टाळावे.

किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्यात मोडतो. अभयारण्याचे क्षेत्र २९.१२ चौ. किमी आहे. प्रवाळ तोडू नये, त्यावर पाय ठेवू नये आणि शंख-शिंपले पिशवीत भरून आणू नयेत. बांगडा-सुरमईचे भरपेट जेवण आणि सोलकढी बुडीनंतर घ्यावी.