दुपारी तीनचा समुद्र

रत्नागिरीहून किनाऱ्याकिनाऱ्याने गणपतीपुळ्याला निघालं की आरे-वारेच्या चढावर गाड्या थांबतात, मोबाइल बाहेर निघतात आणि कुणीतरी हमखास सांगतं, "समुद्र निळा दिसतो तो आभाळाच्या प्रतिबिंबामुळे." ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्यासारख्या दिग्गजाचंही हेच मत होतं. १९२१ साली इंग्लंडहून परतताना 'नारकुंडा' बोटीवरून चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी निकोल प्रिझममधून (एकाच दिशेत डोलणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या स्फटिकातून) समुद्र पाहिला. प्रिझमने पाण्यावरची चकाकी अडवली, तरी निळाई गेली नाही, उलट खुलली! त्यांचं पत्र त्याच वर्षी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत छापून आलं. पाणी स्वतःच लाल प्रकाश शोषून घेतं, हे निळाईचं आज माहीत असलेलं मुख्य कारण.

कॅमेऱ्याचा पोलरायझिंग फिल्टर रामन यांच्या प्रिझमचंच काम करतो. कसं, ते मात्र सावकाश वाचा. प्रकाशलहरीतलं विद्युतक्षेत्र प्रवासाच्या दिशेला काटकोनात डोलतं. उन्हात ते तसं सगळ्याच बाजूंना डोलत असतं. पाण्यावर पडल्यावर ते रेणूंतल्या इलेक्ट्रॉनांना हलवतं आणि परावर्तित प्रकाश येतो तो या हलणाऱ्या इलेक्ट्रॉनांकडूनच. मेख अशी, की इलेक्ट्रॉन ज्या रेषेत मागेपुढे होतो, त्या रेषेत तो प्रकाश टाकतच नाही. पाण्यात शिरलेला किरण आणि परावर्तित किरण यांच्यात नेमका काटकोन झाला, की उभ्या प्रतलात डोलणाऱ्या इलेक्ट्रॉनांची रेषा बरोबर परावर्तनाच्या दिशेला येते. तिकडे त्यांच्याकडून काहीच जात नाही. उरतो तो पृष्ठभागाला समांतर डोलणारा प्रकाश. फिल्टर फिरवून तेवढा अडवला की चकाकी गायब. प्रकाश ज्या कोनात पाण्यावर पडला की हे घडतं, तो ब्रूस्टर कोन. त्याचा टॅन्जंट म्हणजे अपवर्तनांक (आत शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप), पाण्याचा १.३३, म्हणून कोन लंबापासून ५३ अंश, पृष्ठभागापासून ३७.

आता गंमत पाहा. पुळणीवर उभं राहिलात तर हा कोन तुमच्यापुढे जेमतेम दोन मीटरवर साधतो. ५० मीटर उंच कड्यावरून साधारण ६५ मीटरवर. क्षितिजाजवळच्या पाण्यावर फिल्टर फारसा चालत नाही. सूर्य बुडताना समोरच्या सोनेरी पट्ट्यावरही नाही, आणि नेमके तेव्हाच हौशी मंडळी तो चढवून बसतात; हाती येतो तो फक्त काळपट फोटो. डिसेंबरअखेर रत्नागिरीला सूर्य ३७ अंशांवर असतो दुपारी तीनच्या सुमारास. त्या वेळी पाण्यावरचा झगझगाट फिल्टरने जवळपास पुसला जातो आणि उथळ पाण्यातले खडक, वाळूच्या रेघा दिसू लागतात.

खाली दिसणारं पाणी हिरवट, कधी गढूळही निघेल. खाड्यांनी आणलेला गाळ आणि सूक्ष्म वनस्पती यांचा तो रंग आहे. त्याला मालदीवचा निळा फासायची गरज नाही. 'एका क्लिकमध्ये पोलरायझर' विकणाऱ्या अ‍ॅपवाल्यांचं तर ऐकूच नका. साधा सेन्सर प्रकाशाची डोलण्याची दिशा नोंदवतच नाही, मग अ‍ॅप ती आणणार कुठून? झगझगाटाखाली लपलेला खडक सॉफ्टवेअर फार तर कल्पनेने रंगवेल. त्यापेक्षा पोलरॉइड गॉगलची काच, डोळ्यांवर असते तशीच आडवी, मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे धरा.