पार्श्वभूमी : वाणसामानाच्या यादीतून आधी काय गळतं?

आमच्या घरी वाण्याकडे द्यायची महिन्याची यादी अजूनही कागदावर लिहिली जाते. आईच्या जुन्या वह्यांमध्ये अशा बारा-पंधरा वर्षांच्या याद्या आहेत. त्यांत भाव कुठेच लिहिलेले नाहीत, तरी पानं ओळीने उलटत गेलं की महागाई दिसते. शेंगदाणा तेल पाच किलोवरून तीनवर येतं आणि काही पानांनंतर त्याच ओळीत पामतेल असतं. तूरडाळ अडीच किलोची दीड किलो होते आणि तिच्याखाली 'मसूर १ किलो' अशी नवी ओळ येते. खारीक, बदाम एकदा गेले ते परत आले नाहीत. एका पानावर 'अंगाचा साबण ४' मधला चार खोडून तीन केलाय. तो महिना कसा काढला ते आईला आजही आठवतं.

महागाईची बातमी टक्क्यांत येते. घरात ती अशी एकेका ओळीने येते. आधी काय गळायचं आणि शेवटपर्यंत काय राखायचं, याचा घराघरात ठरलेला एक क्रम असतो. त्या क्रमामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा मुंबईत घडलेला आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत धान्य, कापड, रॉकेल सगळंच भडकलं. गिरण्यांनी पगारावर थोडा भत्ता दिला, पण तो बाजारभावाला पुरा पडेना. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून जास्त गिरणी कामगार संपावर गेले. कामगाराला जगायला नेमकं किती लागतं, हा प्रश्न त्यानंतर सरकारला टाळता येईना. १९२१ मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस काढलं आणि पुढच्या काही महिन्यांत कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली. महिन्याच्या खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा खाण्यावर जातो, हे तेव्हा कागदावर आलं. जुलै १९१४ चे भाव शंभर धरून राहणीमानाच्या खर्चाचा निर्देशांक छापला जाऊ लागला. चाळीतल्या बाईचा हिशेब सरकारदरबारी पहिल्यांदा असा मांडला गेला. माझ्या मते ही फार मोठी गोष्ट आहे, कारण भत्त्याच्या पुढच्या सगळ्या भांडणांना याच आकड्यांचा आधार होता. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर मार्च १९४० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी पुन्हा संप केला. त्यांची मागणी महागाई भत्त्याचीच होती.

भत्ता हा एक उपाय झाला. दुसरा उपाय रेशनचा. २ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झालं. बंगालमध्ये त्याच वर्षी लाखो माणसं भुकेने मेली, आणि मुंबईतल्या कार्डधारकाला मोजून का होईना, ठरल्या भावात धान्य मिळत होतं. स्वातंत्र्यानंतर काही महिन्यांतच नियंत्रणं उठवली, भाव उसळले आणि १९४८ मध्ये ती पुन्हा आणावी लागली. त्या काळाची खूण भाषेत अजून शिल्लक आहे. खेड्यापाड्यांत रेशन दुकानाला आजही 'कंट्रोल' म्हणतात. 'कंट्रोलचा तांदूळ आलाय का?' असं विचारणाऱ्या कित्येकांना हा शब्द युद्धकाळातला आहे हे ठाऊकही नसेल.

साठचं दशक अमेरिकन गव्हावर निघालं. लालबहादूर शास्त्रींनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचं आवाहन केलं. अनेक मराठी घरांत सोमवारी संध्याकाळी चूल पेटत नसे. जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला.

पण महागाई म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या जुन्या माणसांच्या तोंडी पहिलं साल येतं ते बहात्तरचं. पाऊस लागोपाठ दगा देत होता आणि १९७२ मध्ये राज्याच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला. जमीन असलेली माणसंही खडी फोडायला गेली. सुकडी आणि मिलो हे शब्द तेव्हाचेच. सुकडी म्हणजे दुष्काळात वाटलेला कोरडा पौष्टिक खाऊ, आणि मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लालसर ज्वारी. मिलोची भाकरी कुणाला आवडली नाही, पण खाल्ली सगळ्यांनी. रोजगार हमी योजना याच काळात उभी राहिली. दुष्काळ सरतो न सरतो तोच ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव चौपटीच्या घरात गेला. रॉकेलच्या रांगा लांबल्या. १९७४-७५ साली घाऊक भावांतली वाढ वर्षाला २५ टक्क्यांच्या आसपास होती. आजचे आकडे ऐकून घाबरणाऱ्यांनी हा आकडा क्षणभर डोळ्यांसमोर आणावा.

त्या वर्षांत मुंबईतल्या बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती १९७२ मध्ये स्थापन झाली. समाजवादी मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांच्या बायका तिच्यात एकत्र आल्या. गोरेगावात पाण्यासाठी लढलेल्या मृणालताईंना लोक 'पाणीवाली बाई' म्हणूनच ओळखत. या मोर्च्यांतल्या मागण्या पाहिल्या की वाणसामानाची यादीच वाचल्यासारखं वाटतं : गोडेतेल, साखर, रॉकेल, रेशनचं धान्य. कुणी तेल दडवून ठेवलं, कुठल्या दुकानात रॉकेल आलं आणि कुठे गेलं, याचा जाब विचारला जाई. एरवी उंबरठ्याबाहेर न पडणाऱ्या बाया थाळ्या बडवत निघाल्या. आमटीत पाणी वाढवण्याचं दुःख एकेकीने आपल्या स्वयंपाकघरात गिळायचं नाही, तर चारचौघीत मांडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. मला हा सगळ्या पार्श्वभूमीतला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

दुसरीकडे सरकारने १९७४ मध्ये वाढीव महागाई भत्त्यातली निम्मी रक्कम सक्तीने ठेव म्हणून अडकवली. बाजारात पैसा कमी फिरावा हा हेतू होता. ज्यांच्या घरात तो पैसा डाळ-तांदळावर जाणार होता, त्यांना मात्र यादीच आखूड करावी लागली.

त्याच सुमाराला आणखी दोन गोष्टी घडल्या. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायांची प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये संघटना बांधली, ती अन्नपूर्णा महिला मंडळ. या बायांची अडचण वेगळीच होती. धान्य उधारीवर भरायचं, व्याज सावकाराला द्यायचं आणि जेवणाचे पैसे कामगाराच्या पगारालाच मिळायचे. मधल्या तीस दिवसांत वाढलेला भाव त्यांच्याच पदरी पडे. बँकेचं कर्ज मिळू लागल्यावर ती पकड सैल झाली. याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या काही घरांनी गट करायचा, यादी एकत्र द्यायची आणि घाऊक भावात आलेला माल वाटून घ्यायचा, अशी तिची पद्धत. डोंबिवली, ठाणे, दादर, पार्ल्याच्या कित्येक सोसायट्यांत महिन्यातली एक संध्याकाळ या वाटपात जाई.

नव्वदनंतर घरखर्चाची घडणच बदलली. राष्ट्रीय पाहणीनुसार १९९९-२००० मध्ये ग्रामीण कुटुंबाच्या खर्चातले ५९ टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चातले ४८ टक्के खाण्यावर जात. २०२३-२४ मध्ये हे प्रमाण ४७ आणि जवळपास ४० टक्क्यांवर आलं. वरवर पाहता घरं सुखावली. उत्पन्न वाढलं हे खरंच आहे. पण खाण्याने सोडलेली जागा कुणी घेतली तेही पाहिलं पाहिजे. शाळेची फी, औषधं, मोबाइलचं रिचार्ज, घराचा आणि दुचाकीचा हप्ता. या सगळ्यांना तारीख असते. हप्ता चुकला तर दंड बसतो, फी थकली तर मुलाला वर्गात ऐकून घ्यावं लागतं. दूध अर्धा लिटर कमी केलं तर दारात कुणी येत नाही. त्यामुळे खाण्यावरचा वाटा कमी झाला तरी महागाईत पहिली कात्री तिथेच लागते. फळं जातात, मग दूध, मग डाळ पातळ होते, मग फोडणीचा चमचा लहान होतो. आणि ताटात आधी कमी पडतं ते बहुतेक वेळा वाढणारीच्याच.

डाळ आणि कांदा ही महाराष्ट्राची दुखरी जागा आहे, कारण इथे घेणारा आणि पिकवणारा पुष्कळदा एकाच घरात असतो. ऑक्टोबर २०१५ मध्ये तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. पुढच्या हंगामात शेतकऱ्याने भरभरून तूर पेरली, पीक विक्रमी आलं, आणि २०१७ मध्ये मराठवाडा-विदर्भात हमीभावाखाली विकायची पाळी आली. खरेदी केंद्रांपुढे तुरीच्या गाड्या दिवसेंदिवस उभ्या होत्या. कांद्याचंही तेच. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली. शहरातल्या ग्राहकाला दिलासा म्हणून घेतलेला निर्णय नाशिक जिल्ह्यातल्या घराची शाळेची फी आणि लग्न पुढे ढकलून गेला. भाव पडले म्हणजे महागाई हटली असं म्हणणाऱ्याने लासलगावच्या लिलावात एकदा उभं राहून यावं.

आकड्यांबद्दल एक गैरसमज फार पसरलाय. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के होता आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तो ०.२५ टक्क्यावर आला, म्हणून बाजार स्वस्त झाला असं अनेकांनी धरलं. दर म्हणजे भाव वाढण्याचा वेग. वेग मंदावला तरी आधी चढलेले भाव तिथेच राहतात.  शिवाय हा दर ज्या निर्देशांकावरून काढतात त्याची टोपली, म्हणजे भाव मोजायच्या वस्तूंची यादी, २०१२ हे पायाभूत वर्ष धरून बांधलेली होती. तिच्यात वस्तू आणि त्यांचा वाटा ठरलेला. घर मात्र तुरीऐवजी मसूर घेतं. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाच रुपयांचाच राहतो, आतली बिस्किटं कमी होतात. वजनातली घट निर्देशांकात धरता येते. पण सकाळी मुलाला दोन बिस्किटं कमी मिळाली, हे आईलाच दिसतं.

१९१९ च्या संपातला तो प्रश्न अजून सुटलेला नाही. सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला आहे आणि वर्षातून दोनदा फिरतो. रोजंदारीवरच्या, घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसाला असा भत्ता कुणी देत नाही. रेशनवर जानेवारी २०२३ पासून माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं आणि त्याने लाखो घरं तगली आहेत. पण त्या धान्यावर घालायची डाळ आणि फोडणीचं तेल बाजारातूनच आणावं लागतं. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये आले, तेव्हा आमच्या गल्लीतल्या वाण्याकडे बायांची थकलेली उधारी फिटताना मी पाहिली. ही रक्कम मात्र निर्देशांकाला बांधलेली नाही.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी महिन्याची यादी कधीच करत नाहीत. संध्याकाळी घरी जाताना त्या पाव किलो डाळ आणि तेलाची सर्वांत लहान पिशवी घेतात. हिशेब केला तर त्यांना तेच तेल आमच्यापेक्षा महाग पडतं. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ठाऊक हाय की ताई. पण पाच लिटरचा डबा आणायला एकदम पैसं कुठून आणू?"