बंद पडलेल्या मनपा शाळेच्या जागेचं पुढे काय व्हावं? नागपुरात हरकत आणि सूचना कशी द्यायची

शाळा बंद झाली की फाटकाला कुलूप लागतं आणि थोड्याच दिवसांत वस्तीत चर्चा सुरू होते. कुणी म्हणतं इथे पार्किंग होणार, कुणी म्हणतं जागा लीजवर गेली. खरं काय ते कळायच्या आधीच लोक सह्यांचं निवेदन घेऊन झोन कार्यालय गाठतात. निवेदन जरूर द्या, पण आधी जागेची आखीव पत्रिका काढा.

जागा कोणाची?

आखीव पत्रिका म्हणजे बाकी महाराष्ट्रातली मिळकत पत्रिका. मौजा, शीट क्रमांक आणि नगर भूमापन क्रमांक दिला की नगर भूमापन कार्यालयातून तिची नक्कल मिळते. महाभूमीच्या संकेतस्थळावर शुल्क भरून डिजिटल स्वाक्षरीची प्रतही काढता येते. धारकाच्या रकान्यात कोणाचं नाव आहे, यावर पुढचा सगळा अर्ज ठरतो.

नाव महानगरपालिकेचं असेल तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम ७९ लागू होतं. जागा विकायला किंवा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायला आयुक्तांना महासभेची मंजुरी लागते, आणि मोबदला चालू बाजारभावापेक्षा कमी नसावा हा सर्वसाधारण नियम आहे. जागा नझूलची निघाली तर मालक सरकार. शाळेसाठी दिलेली नझूल जमीन दुसऱ्या कामाला वापरायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, म्हणून निवेदनाची एक प्रत तिकडेही द्यावी. नागपूर सुधार प्रन्यासाची जागा असेल तर अर्ज प्रन्यासाकडे.

आराखड्यात काय लिहिलंय?

दुसरा कागद मनपाच्या नगररचना विभागातून घ्यायचा: विकास आराखड्याचा भाग नकाशा आणि जागा कोणत्या वापरासाठी दाखवली आहे ते सांगणारा झोन दाखला. शाळा बंद करणं आणि आराखड्यातलं शाळेचं आरक्षण (जागा शाळेसाठीच राखून ठेवल्याची नोंद) उठवणं, या दोन संपूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पटसंख्या शून्य झाली म्हणून आरक्षण आपोआप जात नाही. कित्येकदा इमारतीवर शाळेचं आरक्षण आणि शेजारच्या पटांगणावर खेळाच्या मैदानाचं, असे दोन वेगळे तुकडे असतात. इमारतीबद्दल वाद करता करता मैदान हातचं जाऊ नये, म्हणून नकाशावर दोन्हींच्या हद्दी बघा.

कलम ३७ ची सूचना

मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाला राजपत्रात सूचना, म्हणजे नोटीस, प्रसिद्ध करावी लागते. हरकती आणि सूचनांसाठी एक महिन्याची मुदत असते. त्यानंतर सुनावणी होते, प्रस्ताव राज्य शासनाकडे जातो आणि शेवटचा शब्द शासनाचा असतो. फेरबदलाने आराखड्याचं मूळ स्वरूपच बदलत असेल तर तो या कलमात बसत नाही. हा मुद्दा हरकतीत जरूर मांडा.

हा एक महिना फार लवकर सरतो. आमच्या वस्तीत आम्हाला सूचना कळली तेव्हा मुदत उलटून गेली होती. ती छापलेला पेपर आमच्या गल्लीत कुणाकडेच येत नव्हता. ती हळहळ अजून जात नाही. आता आम्ही दोघं-तिघं आळीपाळीने दर आठवड्याला मनपाचं संकेतस्थळ आणि सूचना फलक बघतो. तुम्हीही अशी वाटणी करून घ्या.

पात्रता आणि कागद

कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असे शब्द आहेत. जागेची मालकी, घर टॅक्सची पावती किंवा त्या प्रभागातलं मतदान यापैकी कशाचीही अट नाही. भाड्याने राहणाराही हरकत देऊ शकतो. साध्या कागदावर नाव, पत्ता, सही, सूचनेचा क्रमांक आणि दिनांक, मौजा आणि खसरा (जमिनीचा सर्व्हे क्रमांक) किंवा नगर भूमापन क्रमांक लिहा. सोबत आखीव पत्रिका, भाग नकाशा आणि जागेचे फोटो जोडा. मंडळाच्या नावाने देत असाल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि ठरावाची प्रत लावा. आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, क्रमांक आणि तारखेसह पोच घ्या. सुनावणीला हीच पोच आणि ओळखपत्र घेऊन जा.

नुसतं ‘आमचा विरोध आहे’ लिहून भागत नाही. वापर सुचवा, आणि शक्यतो आरक्षण न हलवता बसेल असा. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी अभ्यासिका, अंगणवाडी, ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्र. मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो तेव्हा रिकाम्या वर्गखोल्यांत पाण्याची आणि सावलीची सोय होऊ शकते. मैदान मात्र मातीचंच राहू द्या अशी मागणी मी प्रत्येक अर्जात लिहीन. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओसंडून घराघरांत पाणी शिरलं, ते या शहराने पाहिलं आहे. पाणी मुरायला उघडी जमीन लागते. आवारात पन्नास वर्षांहून जुनं झाड असेल तर तेही नोंदवा, कायद्याने ते हेरिटेज वृक्ष ठरतं.

कागद मिळत नसतील तर

माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या. एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांत. शाळा बंद करण्याचा आदेश, महासभेचा ठराव आणि भाडेपट्ट्याचा करार एवढंच नेमकं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरं. सुनावणी झाल्यावर तिच्या अहवालाची प्रतही याच मार्गाने मागवा, आणि आपली हरकत त्यात कोणत्या शब्दांत नोंदवली आहे ते ओळीने वाचा.