सम तारखेला सायकल, विषम तारखेला कुत्रा

पुण्या-मुंबईत गाडी चालवणाऱ्याला पी-वन, पी-टूच्या पाट्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. सम तारखेला गाडी रस्त्याच्या एका बाजूला, विषम तारखेला दुसऱ्या. अमेरिकेतल्या युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला लागून मिलक्रीक कॅन्यन नावाची दरी आहे. तिथे डोंगरात फिरायला निघालेली माणसंही अशीच आधी तारीख बघतात. दरीच्या वरच्या भागातल्या बिग वॉटर आणि लिटल वॉटर या वाटांवर सायकल न्यायची ती फक्त सम तारखेला. विषम तारखेला सायकल बंद आणि कुत्र्यांना साखळी सोडून हुंदडायची मुभा.

ऐकायला गंमत वाटते. पण एका अरुंद वाटेवर पायी चालणारा, घोडेस्वार, सायकलवाला आणि डर्ट बाईकवाला (म्हणजे कच्च्या वाटांवर मोटरसायकल पळवणारा) या सगळ्यांना कसं सामावून घ्यायचं, या प्रश्नावर अमेरिकेत अर्धशतकाहून अधिक काळ डोकेफोड चालू आहे. त्यात मानसशास्त्र आहे, मृदाशास्त्र आहे, घोड्याच्या डोळ्याची रचनासुद्धा आहे.

सायकलपुरतं बोलायचं तर या भांडणाचं मूळ गाव कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी तिथल्या वणवा-रस्त्यावर उताराची शर्यत लावली. वणवा-रस्ता म्हणजे आग विझवणाऱ्या गाड्यांसाठी डोंगरात कोरलेला कच्चा रस्ता. सुमारे साडेतीन किलोमीटरांत जवळजवळ ४०० मीटर उतार. सायकली जुन्या, जाड टायरच्या, पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागणाऱ्या. खाली पोचेपर्यंत मागच्या चाकाचा हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. म्हणून शर्यतीचं नाव पडलं 'रीपॅक'. याच टोळक्याच्या खटपटींतून आजची माउंटन बाईक घडली.

त्याच परिसरातल्या माउंट टॅमलपायसवर लोक पिढ्यान्‌पिढ्या पायी आणि घोड्यावरून फिरत होते. त्यांच्या शेजारून आता ही पोरं सुसाट जाऊ लागली. पुढे अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या, वणवा-रस्त्यांवर ताशी २४ किलोमीटरची मर्यादा आली, समोरचं न दिसणाऱ्या वळणावर तर ताशी ८. रेंजरांच्या हातात रडार गन आली. ज्या डोंगरात माउंटन बाईक जन्मली, तिथल्याच पाऊलवाटा तिला परक्या झाल्या.

गमतीचा भाग पुढे आहे. संशोधकांनी दोन्ही बाजूंना विचारलं, की दुसऱ्याचा त्रास होतो का? उत्तरं जुळत नव्हती.

हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं ते वाटेवर नव्हे, पाण्यावर. मिनेसोटाच्या उत्तर सीमेवर शेकडो तळ्यांचा बाउंडरी वॉटर्स नावाचा प्रदेश आहे. १९६० च्या दशकात रॉबर्ट ल्यूकस या संशोधकाने तिथल्या वल्ह्याच्या होडीवाल्यांना आणि मोटरबोटवाल्यांना गाठून विचारलं. वल्हेवाल्यांना मोटरबोट दिसली की दिवस नासल्यासारखं वाटे. मोटरबोटवाल्यांना मात्र वल्हेवाल्यांचं काहीच वावडं नव्हतं. 'अरण्य' कुठून सुरू होतं या प्रश्नावरही दोघांचं एकमत नव्हतं. मोटरबोटवाल्याचं अरण्य बरंच अलीकडे सुरू व्हायचं, वल्हेवाल्याचं इंजिनाचा आवाज संपल्यावर. पुढे कॅनडात अल्बर्टातले स्कीवाले आणि स्नोमोबाईलवाले (म्हणजे बर्फावर इंजिनाची गाडी पळवणारे), मग मोंटानाच्या रॅटलस्नेक भागातले पायी फिरणारे आणि सायकलवाले, असे अभ्यास होत गेले. जोड्या बदलल्या, पण नाराजी दर वेळी एकाच दिशेने वाहत होती. हळूवाला वेगवानावर चिडतो, वेगवानाला त्याचा पत्ता नसतो.

१९८० मध्ये जेकब आणि श्रेयर या दोघा संशोधकांनी याची एक मांडणी केली, ती आजही वापरली जाते. भांडण होण्यासाठी तोंडातोंडी व्हावी लागत नाही, धक्का लागावा लागत नाही. मी जे मिळवायला आलो ते हुकलं आणि ते दुसऱ्याच्या वागण्यामुळे हुकलं असं मला वाटलं, की झालं. आता ही फूटपट्टी लावून पाहा. सायकलवाला आला आहे वेगासाठी, वळणांच्या लयीसाठी. वाटेत माणूस भेटला तर त्याचं नुकसान पाच सेकंदांच्या ब्रेकचं. पायी चालणारा आला आहे शांततेसाठी, पक्ष्याच्या आवाजासाठी. मागून एक सायकल सुर्रकन गेली की पुढची दहा मिनिटं त्याचे कान मागेच लागलेले. म्हणून सायकलवाला जेव्हा सांगतो, 'आमचा या वाटेवर कुणाशी काही वाद नाही', तेव्हा तो खोटं बोलत नसतो. पुण्यातल्या टेकड्यांवर सकाळी चालायला जाणाऱ्यांना हा संवाद ओळखीचा वाटेल.

ही माणसांची जात नव्हे, वाटेवरची उतरंड आहे. त्याच सायकलवाल्याच्या मागून डर्ट बाईक फटफटत आली की तोही पायी चालणाऱ्यासारखाच वैतागतो. त्यामुळे 'दोन्ही बाजूंनी समजूतदारपणा दाखवावा' हे पाटीवरचं वाक्य मला अर्धवट वाटतं. ज्याला त्रास जाणवतच नाही, त्याने समजूत दाखवायची कशाबद्दल?

यात आणखी एक पदर आहे. काहींची तक्रार प्रत्यक्ष प्रसंगाची असते: अंगावर आला, घंटी दिली नाही. काहींना असा अनुभव आलेलाच नसतो, तरी 'डोंगरात चाक शोभत नाही' असं त्यांचं ठाम मत असतं. कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीतल्या एका अभ्यासाने २००१ मध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढून मोजल्या. पहिलीवर घंटीचा उपाय चालतो. दुसरीवर घंटी कितीही वाजवा, उपयोग नाही.

घंटीची गरज का पडते, याचं गणित सोपं आहे. ताशी ३० किलोमीटरने उतरणारा सायकलस्वार सेकंदाला ८ मीटरहून जास्त पुढे जातो. समोर माणूस दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरू. मग सुट्या मातीवर सायकल थांबायला आणखी साधारण ९ मीटर. म्हणजे एकूण १७ मीटर. वेग १५ वर आणला तर हेच अंतर साडेसहा मीटरच्या आत येतं, कारण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात घटतं. झुडपाआडच्या वळणावर १७ मीटर पुढचं दिसतच नाही. म्हणून ती ताशी ८ ची मर्यादा.

अमेरिकेतल्या वाटांच्या तोंडाशी बहुधा एक पिवळी त्रिकोणी पाटी असते. सायकलने सगळ्यांना वाट द्यायची, पायी चालणाऱ्याने घोड्याला वाट द्यायची. इंजिनवाला असेल तर त्याने सर्वांनाच. घोडा सगळ्यांत वर का? मालक श्रीमंत असतात म्हणून नव्हे. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळपास ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते फक्त शेपटीमागचं आणि कपाळाच्या अगदी पुढ्यातलं. नेमकी मागच्या आंधळ्या पट्ट्यातून बिनआवाजी सायकल येते. पाचशे किलोच्या त्या जनावराचा लाखो वर्षांचा अनुभव सांगतो की मागून गुपचूप येणारं काहीही आपल्याला खायलाच येतं. आधी पळायचं, मग विचार करायचा.

म्हणून घोडेस्वार सांगतात, की घोडा दिसला तर थांबा, सायकलवरून उतरा आणि बोला. काहीही बोला, हवामानावर बोला. हेल्मेट-गॉगल घातलेली, चाकांवर बसलेली आकृती घोड्याला अनोळखी असते, माणसाचा आवाज ओळखीचा. आणि वाट सोडायची तर उताराच्या, म्हणजे खालच्या बाजूला. आपल्याला वाटतं वर चढून उभं राहावं. पण वरून वाकून बघणारी आकृती घोड्याला दबा धरलेल्या श्वापदासारखी वाटते, आणि तो बिचकला तर दरीच्या बाजूला उडी घेईल. आपण खाली असलो तर तो बिचकून वर, डोंगराकडे सरकतो.

वादात घोडेस्वारांचा आणि पायी चालणाऱ्यांचा आणखी एक मुद्दा हमखास येतो: चाकं वाट उखडतात. तो तपासायला विल्सन आणि सेनी या संशोधकांनी मोंटानातल्या डोंगरवाटांवर १०८ छोटे तुकडे निवडले. त्यांवरून माणसं, घोडे, मोटरसायकली आणि सायकली नेल्या, कृत्रिम पाऊस पाडला आणि किती माती वाहून जाते ते मोजलं. १९९४ मध्ये निष्कर्ष छापून आले. ओल्या वाटेवर चाकांपेक्षा पावलांनी आणि टापांनी जास्त माती मोकळी केली. कोरड्या वाटेवरही घोडाच पुढे. कारण सरळ आहे. चाकाचा भार सरकत, पसरत जातो, तर नाल ठोकलेली टाप छोट्या जागेवर मोठं वजन आपटते. अर्थात चाकंही अगदी निर्दोष नाहीत. ब्रेक दाबून घसरत गेलेली सायकल सलग चर पाडते आणि पाण्याला आयता पाट मिळतो. पण 'माती वाचवा' म्हणणाऱ्याला पुष्कळदा 'मला शांतता हवी' असं म्हणायचं असतं, असा माझा संशय आहे. त्याने ते सरळ म्हणावं. शांतता हवी असणं काही गुन्हा नाही.

टाप आणि जमीन यांच्या नात्याचा दुसरा मासला मोआबला, युटातच. तिथल्या उघड्या वालुकाश्माला सुरुवातीच्या वसाहतवाल्यांनी 'स्लिकरॉक' म्हटलं, म्हणजे निसरडा खडक, कारण लोखंडी नालांचे घोडे त्यावरून घसरायचे. रबराच्या टायरला मात्र तोच खडक घट्ट धरतो. आज जगभरचे सायकलवाले जिथे जाऊन धन्य होतात ती स्लिकरॉक वाट मुळात १९६९ मध्ये आखली गेली ती मोटरसायकलींसाठी, आणि आजही दोघं ती वापरतात. माथेरानमध्ये मोटारींना बंदी आहे, वाटा मुख्यतः माणसांच्या आणि घोड्यांच्या. तिथे पेव्हर ब्लॉक बसवले गेले तेव्हा घोडेवाल्यांनी हेच सांगितलं, की यावर घोडे घसरतात. लाल मातीवर टापांनी धूप होते आणि कडक पृष्ठभागावर टाप टिकत नाही.

मोआबला खडक सोडून बाजूच्या वाळूत उतरलं की मात्र सगळे सारखेच गुन्हेगार. तिथे वाळूवर काळपट, खरबरीत पापुद्रा असतो. सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्मजीवांचे बारीक धागे वाळूचे कण बांधून ठेवतात, म्हणून वारा ती उडवू शकत नाही. बूट पडो की टायर, एका दाबात तो मोडतो आणि पुन्हा धरायला वर्षं, कधी दशकं लागतात.

मग करायचं काय? वाट आखणाऱ्यांचा भर पाट्यांपेक्षा आखणीवर असतो. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवायचा. नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेवरूनच धावतं आणि वाटेचा ओहोळ होतो (सह्याद्रीत किल्ल्यावर सरळसोट चढणाऱ्या वाटा आठवा). लांब सरळ उतार ठेवायचा नाही. वळणाआधी दोन दगड जवळजवळ आणून वाट आवळायची, म्हणजे सायकलवाला न सांगता हळू होतो. वळणावरची झुडपं छाटून समोरचं दिसू द्यायचं. सायकलींना एकाच दिशेने सोडायचं, म्हणजे समोरासमोर गाठ पडत नाही. एटीव्ही म्हणजे कच्च्या वाटांवरची छोटी, अरुंद चारचाकी; तिच्या वाटेच्या तोंडाशी ५० इंचांचं फाटक लावलं की जीप आपोआप बाहेर राहते. शिवाय वार वाटून घेता येतात. कोलोरॅडोतल्या बेटासो राखीव क्षेत्रात बुधवारी आणि शनिवारी सायकल बंद.

आता या सगळ्यात विजेची सायकल घुसली आहे. इतके दिवस भांडण फक्त उताराचं होतं, कारण चढावर सायकलवाला धापा टाकत पायी चालणाऱ्याच्याच वेगाने जायचा, दोघं चार शब्द बोलायचे. मोटरची साथ मिळाल्यावर तो चढही वेगात चढतो, आणि वर जाणाऱ्याच्या मागूनही घंटी वाजू लागते.

आणि मिलक्रीकचा सम-विषमाचा हिशोबही दिसतो तितका सरळ नाही. ३१ तारीख विषम, तिच्यानंतरची १ तारीखही विषम. त्यामुळे ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्याअखेर सायकलवाल्याला लागोपाठ दोन दिवस घरी बसावं लागतं. लीप वर्ष सोडलं तर वर्षात विषम तारखा १८६, सम १७९. कुत्र्यांना सात दिवस जास्त.